लेकीचं कोरडं रडणं

त्या हिवाळ्यात आम्ही सावद्याहून धुळ्याला राहायला आलो होतो. यजमान फिरतीवर गेलेले. घरात मी आणि आमची दीड वर्षाची लेक. सकाळी तिने दूध ओकलं आणि दुपारपर्यंत पाण्यासारखे जुलाब सुरू झाले.

शेजारच्या अक्का आल्या. माझ्या हातातला पेला बघून म्हणाल्या, "पानी नको दिऊ तिले. पोटमा काहीच टिकस नही."

त्यांनी चार मुलं वाढवलेली, मी नवखी. पण लेक पेल्याकडे अशी बघत होती की मला राहवेना. तिला शालीत गुंडाळून दवाखाना गाठला.

अंगातलं पाणी किती कमी झालंय ते बघायला डॉक्टरांनी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. "हे विषाणूंचं आहे. त्यावर औषध नाही, ते आपलं आपणच जातं. तोवर अंगातलं पाणी संपू द्यायचं नाही. मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने द्या. ओकली तर जरा थांबून पुन्हा द्या."

"एखादं इंजेक्शन तरी द्या ना."

"त्याने तुम्हाला बरं वाटेल, तिला नाही. डोळे खोल गेले, लघवी थांबली, तर मात्र लगेच या."

घरी येऊन चमचा चमचा पाजत राहिले. पाजावं, तिने ओकावं, पुसावं, पुन्हा पाजावं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी ती रडली, पण डोळ्यांत पाणी आलं नाही. सकाळपासून लघवीही झाली नव्हती. डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात पाठवलं. अक्का सोबत आल्या.

सलाईनसाठी शीर सापडेना. नर्स म्हणाली, "ताई, हात घट्ट धरा तिचा." मी धरला. सुई टोचत होती आणि लेक नर्सकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मी मान फिरवली, हात सोडला नाही.

संध्याकाळी तिने शू करून अक्कांचं लुगडं ओलं केलं. अक्का हसल्या आणि मग डोळे पुसत बसल्या.

जुलाब पुढेही काही दिवस रेंगाळले, हळूहळू थांबले. ती भात खाऊ लागली, खेळू लागली. पण मी जवळ घ्यायला गेले की सुईचा हात पाठीमागे लपवून अक्कांकडे जायची. अक्का तिला म्हणायच्या, "जाय, माय शे ती तुनी." ती जात नसे.