होडीवाल्या मामांचा जबाब

ते प्रकरण आठवलं की गुन्ह्याच्या आधी मला भीमेवरचं धुकं दिसतं. नव्वदच्या दशकाचा शेवट, गाळपाचा हंगाम. शिरूर तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावात एकट्या राहणाऱ्या वृद्धेचा खून झाला होता. मी तेव्हा नवीन फौजदार होते.

पाचव्या दिवशी खबर मिळाली, की खुनाच्या संध्याकाळी एक ऊसतोड मजूर होडीने दौंडच्या बाजूला गेला. संशयावरून एका मजुराला उचललं. चौकशीत तो एकच सांगत राहिला, "मी कारखान्याच्या गाडीतळावर हुतो."

ओळख परेडपर्यंत आरोपीचा चेहरा झाकून ठेवायचा असतो. आमच्या ठाण्याने त्याला चेहरा न झाकताच फोटोग्राफरपुढे उभं केलं. दुसऱ्या दिवशी फोटो पहिल्या पानावर. शिरूर बंद, ठाण्यासमोर मोर्चा, फाशीच्या घोषणा.

मुख्य साक्षीदार होडीवाले मामा, त्या संध्याकाळी होडी वल्हवणारे. माझं शिक्षण इंग्रजी शाळेतलं, त्यामुळे मी जबाब सावकाश लिहायचे, प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायचे.

"लिव्हा ताई, तुमचं हुईस्तवर नदी आटंल," मामा हसले. "गालावर काळा डाग हुता त्याच्या."

आरोपीच्या गालावर डाग नव्हता. मामांच्या खिशातून डोकावणाऱ्या पेपरात मात्र फोटोतल्या गालावर शाईचा ठिपका होता.

"मामा, हा चेहरा होडीत पाहिलात की पेपरात?"

"होडीत तोंडाला मफलर हुता. पर समदी म्हणत्यात, त्योच हाय."

मी तेही लिहिलं.

"डागाचं काढून टाका," ठाण्याचे साहेब म्हणाले. "बाहेरचे मोर्चेवाले काय जबाब वाचणारेत?"

"कोर्ट वाचेल, सर."

आम्ही पाटसकडच्या गाडीतळावर गेलो, उसाच्या गाड्या रांगेत थांबतात तिथे. मळीचा गोड वास, मोळ्यांवर पेंगणारी माणसं. तिघा गाडीवानांनी सांगितलं, तो त्या संध्याकाळी रांगेतच होता. पुढच्या आठवड्यात वृद्धेचा पुतण्या तिच्या चोरीला गेलेल्या पाटल्यांसह सापडला. मजूर सुटला. पेपरात चार ओळी आल्या.

त्याला जीपने सोडायला गेले, तर तो उतरेना. "माझ्यावर कोण इश्वास ठेवंल? तुमीच सांगा बाई."

ऊसतोड टोळीच्या कोप्यांमधून, पाचटाच्या त्या झोपड्यांमधून, धूर तरंगत होता. सगळे नुसते बघत होते.

"यांनी खून केलेला नाही," मी म्हणाले. कुणी हललं नाही. पुन्हा सांगितलं, मोठ्याने. तेव्हा त्याची बायको उठली आणि तिने त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

फाशीवरचे वाद मी आजही ऐकते. शिक्षा कडक हवी, हे मलाही पटतं. पण आरोप चौकात करतो, तर तो मागे घ्यायला त्या माणसाच्या दारापर्यंत जायला हवं. नोकरीच्या पुढच्या वर्षांत मीही दरवेळी गेले नाही.