मोठेबाबांना न दिलेलं विशेषण

वडिलांचा फोन आला तेव्हा मी हैदराबादला, ऑफिसच्या जिन्यात होते. "मोठेबाबा गेले," ते म्हणाले. मी "बरं" म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "सुट्टी भेटन का?"

मोठेबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, आमच्या गावच्या, बोथच्या सरकारी शाळेत इंग्रजीचे शिक्षक. आम्ही त्यांच्याच घरात राहायचो. मला इंग्रजी शाळेत त्यांनीच घातलं, आणि त्याची परीक्षा दर रविवारी जेवताना घेतली. ताटं वाढून झाली की ते डाव्या हाताचं बोट एखाद्या वस्तूकडे करायचे. ती का टिकते, हे सांगणारं विशेषण मी इंग्रजीत द्यायचं. सागवानी पलंग ड्युरेबल. मे महिन्यातही न आटणारी विहीर पेरेनिअल. चुकलं की माझं ताट दूर सरकायचं, बरोबर उत्तर येईपर्यंत. मोठीआई, म्हणजे त्यांची बायको, तोवर घास हातात धरून बसायची. घरात कोणी उपाशी असताना बाईनं खाऊ नये, हाही त्यांचाच नियम.

पुढे बोट माणसांकडे वळलं. त्यांची स्वतःची नोकरी परमनंट. पुढच्या खोलीत कापूस भरला की मोठीआईला दमा लागायचा, ती खोकायला लागली की बोट तिच्याकडे जायचं आणि मी खालमानेनं म्हणायचे, "क्रॉनिक." ते खूश व्हायचे. माझे वडील कंत्राटी शिक्षक होते. त्यांच्याकडे मात्र बोट कधीच जायचं नाही. "याच्याकडं काय दाखवू?" मोठेबाबा हसून म्हणायचे. "याच्यासाठी इंग्रजीत शब्दच नाई." वडील ताटातलं वरण कालवत राहायचे.

ते इंग्रजी मला पुढे नोकरीत उपयोगी पडलं, हे इथे लिहायला हवं.

शेवटची भेट दिवाळीतली. लकव्यानं मोठेबाबांची उजवी बाजू आणि बोलणं दोन्ही गेलं होतं. मोठीआई त्यांना चमच्यानं भरवत होती, मी आणि वडील समोर जेवत होतो. त्यांनी डावा हात उचलला. बोट पलंगावरून, भिंतीवरून फिरलं आणि त्यांच्या स्वतःच्या छातीवर येऊन थांबलं. ते माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना काय हवंय ते आम्हा तिघांनाही कळलं. वडिलांनी ताटातून मान वर केली.

"सांग नं माय," मोठीआई म्हणाली. "वाट पाहून राह्यले ते."

मला येत होतं. एक नाही, चार येत होती, आणि चारही चांगली होती.

"मला नाही येत, मोठेबाबा."

मोठीआईनं चमचा वाटीत ठेवला. "नाई येत म्हणते पोरगी. मंग आता कसं करायचं? नियम त तुमचाच हाय." तिनं त्यांच्या पुढचं ताट स्वतःच्या मांडीवर ओढून घेतलं. ती हसत होती; हसता हसता तिला खोकला आला.

"वहिनी, द्या त्यांना," वडील म्हणाले.

"देते नं. काऊन घाई करता भाऊजी? मी लय थांबली. जरा त्यायलेही थांबू द्या."

वरण गार होऊन त्यावर साय धरल्यावर तिनं भरवायला घेतलं. ते निमूट जेवले. माझ्याकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी श्रद्धांजली वाहायला त्यांचे जुने विद्यार्थी आले. फोटोखाली इंग्रजीत एक शब्द हवा, असं त्यांचं म्हणणं. "सर इंग्रजीचे होते. ताई, तुमीच सांगा." मी मोठीआईकडे पाहिलं. "नुसतं नाव लिवा," ती म्हणाली. "नाव लय मोठं हाय सरांचं. दुसऱ्याले जागा नाई उरत." कोणीतरी डोळे पुसले. फोटोखाली नुसतं नाव आहे.

मागच्या रविवारी बोथला गेले होते. मोठीआईनं दोन ताटं वाढली आणि स्वतः जेवायला सुरुवातही केली. आता ती सावकाश जेवते, दोनदा भात घेते. मी भाकरीचा तुकडा मोडून हातात धरून बसले होते.

"काऊन थांबली?" तिनं विचारलं.

मी फोटोकडे पाहिलं.

"खा. ते नाई आता."

मी खाल्लं... पण घास तोंडाशी नेईपर्यंत इंग्रजीतलं उत्तर तयार ठेवलं होतं.