ठिपक्यानंतरची तीन अक्षरं

भागीरथा तुळशीराम काळबांडे आमच्या सीताबर्डीच्या ऑफिसात टायपिस्ट होत्या. सव्वीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची पत्रं टाइप केली. पत्राखाली सही साहेबांची, आणि अगदी तळाला डाव्या कोपऱ्यात बारीक तीन अक्षरं बाईंची: बीटीके. टायपिस्टांची ही जुनी रीत. चूक निघाली तर बोलणी कोणाला द्यायची ते कळावं म्हणून. बाई मात्र ती अक्षरं अशा थाटात ठोकायच्या की खरी सही तीच वाटावी. मी मारोतराव, डिस्पॅच क्लार्क. पाकिटं चिकटवताना रोज बघायचो.

अठ्ठ्याऐंशी साली साहेबांनी कॉम्प्युटर आणला. त्याला वेगळी खोली आणि कूलर मिळाला. आम्हाला मे महिना मिळाला. साहेब म्हणाले, आता टायपिस्ट एकच पुरे. बाई आणि दुसरी टायपिस्ट शामला, दोघींनी महिनाभर यावर काम करायचं. जिची पत्रं जास्त, ती इथे राहील. दुसरी कळमेश्वरच्या कारखान्यात हजेरी लिहायला जाईल. आणि पत्राखालची अक्षरं आजपासून बंद. "टाइप मशीन करतं, तुम्ही नाही." मशीन सुरू करायचं बटण ज्यांना अजून सापडलं नव्हतं, ते हे बोलले.

कळमेश्वर काही लांब नाही. पण बाईंचे यजमान अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले. रोज एक वाजता बाई धंतोलीला घरी धावत जाऊन त्यांना भरवून यायच्या. कळमेश्वरहून ते कसं जमणार?

महिना संपत आला. शामला नात्यातल्या लग्नासाठी सावनेरला गेलेली. त्या शनिवारी बाई मशीनसोबतचं पुस्तक घेऊन बसल्या आणि एकदम खुलल्या.

"मारोतराव, हे पाहा गा. फाइलच्या नावामागं ठिपका, अन् ठिपक्यामागं तीन अक्षरांची जागा. टायपिस्टसाठीच ठेवली आहे!"

मलाही ते पटलं. आम्ही दोघेही एकाच शाळेतले. नाव बदलायचा हुकूम पुस्तकात होताच. बाईंनी तो दिला: सगळ्या फाइलींना ठिपक्यानंतर बीटीके. एंटर दाबला, झालं. मग पत्र लिहायला गेल्या तर मशीन म्हणे, असला हुकूम मला माहीत नाही.

बाई पांढऱ्याफटक पडल्या. "काहून रुसून राहिलं गा हे?"

काय करणार? टायपिस्ट अडली की करते तेच केलं: मूळ प्रत काढून ताडून पाहिली. मूळ प्रोग्रामची फ्लॉपी कपाटात होती. तिच्या पाकिटावर छापलेली फाइलींची नावं मी मोठ्यानं वाचली, ठिपक्यासकट. बाईंनी पडद्यावर बोट फिरवलं. तेव्हा उलगडलं. लिहायचा प्रोग्राम हासुद्धा एक फाइलच होता, आणि त्याच्या नावामागचं 'कॉम' बघूनच मशीन त्याला चालवत होतं. ते पुसून आम्ही बीटीके लावलेलं. त्याच्या जोडीच्या दोन फाइलींचंही तेच. तिन्हींची शेपटं परत लावली आणि मशीन सुरू झालं. पत्रं मात्र बीटीके असूनही गुण्यागोविंदानं उघडत होती. आतला मजकूर जसाच्या तसा होता.

मी यादी पाहिली. दोनशे सत्त्याण्णव पत्रं, सगळी बीटीके. शामलाचं एकही नाही.

"राहू द्या," मी म्हणालो. "साहेबाले काय समजते?"

"तिची पत्रं आहेत ना त्यात."

"तिनं कुठं अक्षरं टाकली होती?"

"दुसऱ्याच्या कामाखाली माही अक्षरं? सव्वीस वर्षांत नाही केलं, मारोतराव."

संध्याकाळपर्यंत त्यांनी एकेक पत्र उघडलं. पूर्णविरामानंतर दोन घरं सोडलेली असली तर आपलं, एक सोडलेलं असलं तर शामलाचं. शामलाच्या फाइलींना तिची अक्षरं लावली: एसएमबी. मी शेजारी बसून मनातल्या मनात मोजत होतो. बाई मोजत नव्हत्या.

सोमवारी साहेबांनी यादी मागवली आणि खूश झाले. मोजायची अशी सोय मशीनमध्ये आहे हे आपल्याला आधीपासून ठाऊक होतं, असंही म्हणाले. बीटीके एकशे सेहेचाळीस, एसएमबी एकशे एक्कावन्न.

पाच पत्रांनी बाई कळमेश्वरला गेल्या. मला तेव्हा संताप आला होता, आजही येतो. साहेबांचा येतो, आणि खरं सांगायचं तर बाईंचाही.

आता दर शनिवारी कारखान्याची हजेरी टाइप होऊन माझ्या टेबलावर येते. तळाला डाव्या कोपऱ्यात बीटीके असतं. तिकडे अजून कॉम्प्युटर नाही.

शामलाला यातलं कोणी काही सांगितलं नव्हतं. म्हणजे मी सांगितलं होतं.  दुसऱ्या दिवशी एक वाजता ती डबा उचलून धंतोलीला बाईंच्या घरी गेली. तेव्हापासून रोज जाते. साहेब विचारतात, ही या वेळेला कुठे असते? मी सांगतो, टपाल द्यायला गेली आहे.