वाळ्याची बाटली

खात्यातल्या बऱ्याच फिर्यादी निकालात निघाल्या आणि माझ्या डोक्यातूनही गेल्या. गोटी सोड्याच्या एका बाटलीची फिर्याद मात्र अजून गेलेली नाही.

निजामी अमल होता. परभणीच्या ठाण्यावर मी अमीन होतो, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार. गावात सोड्याचा एक कारखाना होता. खरं नाव सांगत नाही, मोर छाप म्हणू. मालकाच्या वडिलांनी रेल्वेने येणाऱ्या अंमलदारांसाठी साधा सोडा भरायला सुरुवात केली होती. पुढे लिंबाचा निघाला, मग आल्याचा, लग्नसराईसाठी गुलाबाचा. सगळ्यांत शेवटी वाळ्याचा, आणि जिल्हाभर नाव झालं ते त्या वाळ्यानं. मी बदलून आलो तेव्हा तो बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. तरी लोक दुकानात आधी वाळाच मागत आणि नाही म्हटल्यावर लिंबावर येत.

वैशाखात एके दिवशी मालक स्वतः ठाण्यात आले. माणूस चाळिशीचा, कमी बोलणारा. त्यांनी टेबलावर एक बाटली ठेवली. वर मोराचा कागद, आत हिरवट पाणी.

"अमीनसाहेब, पोखर्णीच्या जत्रेत आमच्या छापानं हे विकायलेत. आमी वाळा करतच न्हाई."

"चव कशी आहे?"

"चाखली न्हाई."

हे मला खटकलं. नकली मालाची फिर्याद आणणारा व्यापारी आधी तो माल चाखतो आणि मग शिव्या देतो. या माणसानं गोटी दाबलीसुद्धा नव्हती. वाळा बंद का केला, असं विचारलं तर म्हणाले, "करणारं माणूस राहिलं न्हाई." मी इजहार, म्हणजे जबाब, लिहून घेतला आणि तपासाला लागलो.

खबर पोखर्णीच्या एका पानवाल्यानं दिली. तो म्हणाला, "माल पाथरीकडून बैलगाडीनं येतोय साहेब. कुणी बाई बनविते म्हणतेत. पण वाळा लय झ्याक हाय."

जमादाराला घेऊन मी पाथरीला गेलो. घर सापडायला त्रास झाला नाही. ओसरीवरच गॅस भरायचं यंत्र, शेजारी बाटल्या, दोरीवर वाळ्याच्या जुड्या वाळत घातलेल्या. वर्दी पाहून माणसं दार लावतात, मागच्या दारानं जातात, नाही तर आधीच रडायला लागतात. या बाईनं हात पुसले आणि घोंगडी अंथरली.

"बसा साहेब. लय दिस लावलेत."

"आम्ही येणार हे माहीत होतं?"

"वाट बघायलते."

मी मोराचा कागद पुढे धरला. "हा छाप कुणाचा?"

"माझ्या बापाचा."

मग तिनं सगळं सांगितलं. लहान वयात नवरा गेला आणि ती माहेरी आली. कारखान्याच्या मागच्या खोलीत वाळा भिजवून, उकळून, थोडी बडीशेप घालून तो सोडा तिनंच बसवला. पुढे पाथरीच्या एका मास्तराशी तिनं पाट लावला. मास्तर दुसऱ्या जातीचे. घरच्यांनी तिच्या नावानं आंघोळ केली आणि घरात तिचं नाव घेणं बंद झालं. मास्तर दोन वर्षांमागे तापानं गेले, तेव्हापासून ती सोड्यावर पोट भरत होती.

"पाथरीत तुमचा माल छापाशिवायही खपला असता," मी म्हणालो. "मग मोर कशाला? यात कैद होऊ शकते."

तिनं दोरीवरची एक जुडी सारखी केली.

"चिठ्ठ्या धाडल्या, त्या तशाच वापस आल्या. मला वाटलं, छापाला हात लावला तर भाऊ गप बसणार न्हाई. भांडायला का होईना, येईल." मग हळूच म्हणाली, "तुमी आलात."

मी पंचनामा करून बाटल्या जप्त केल्या. निघताना तिनं एकच विचारलं, "आई हाय का साहेब?"

मला खरंच माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

परभणीला आल्यावर माल ओळखण्यासाठी मालकांना बोलावलं. माल कुणाकडे सापडला हे सांगितलं नाही. कायद्याने त्यांनी तो पाहून, चाखून नकली असल्याचं सांगणं गरजेचं होतं. त्यांनी गोटी दाबली, एक घोट घेतला आणि बाटली दोन्ही हातांत धरून बसून राहिले. जमादार दौत घेऊन उभा होता. मी त्याला खुणेनं बाहेर पाठवलं.

"लिहा," ते म्हणाले. "माल आमचाच हाय."

"बघा, फिर्याद संपेल."

"आमच्याच घरचा हाय. लिहा."

मी लिहिलं आणि त्यांनी सही केली. मग मी विचारलं, "तुमच्या आई?"

"गेल्या पावसाळ्यात गेली." ते म्हणाले, "शेवटी अन्नपाणी सुटलं होतं. वाळा मागायची. आमी हैदराबादहून अर्क आणून करून दिला, तर तोंडाला लावून बाजूला सारला."

"तुमच्या बहिणीनं त्यांची चौकशी केली आहे. मी निरोप धाडतो."

"नका धाडू, अमीनसाहेब." ते उठले, टोपी घातली. "मी सांगतो जाऊन."

दुसऱ्या दिवशी ते पाथरीच्या मोटारीत बसलेले जमादारानं पाहिले. तिथं दोघांचं काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. त्या उन्हाळ्यात परभणीच्या दुकानात वाळा परत आला. लोक उभ्या उभ्या पीत आणि पुन्हा मागत. मीही प्यालो. पहिल्या घोटाला मला माझं गाव आठवलं, परड्याच्या दारातला ओला वाळ्याचा पडदा आठवला, आणि तो धरून उभी असलेली माझी बहीण. ती सासरी विजापूरकडे दिली होती. मी तिला कित्येक वर्षांत भेटलो नव्हतो.

या प्रकरणानंतर माझी एक सवय झाली. फिर्याद लिहून झाली, सही झाली, की मी लेखणी खाली ठेवायचो आणि समोरच्याला विचारायचो, "आणखी काही सांगायचंय का?" बहुतेक जण नाही म्हणून उठत. एखादा मात्र बसून राही. त्याला मी कधी घाई केली नाही.