एका दिवसाची सूट

हृदयाच्या ऑपरेशननंतरच्या वॉर्डात पेशंट तिथल्या सिस्टरला पाठीमागे ‘फौजदार’ म्हणत. छातीचं हाड कापून तारेनं बांधलेल्या माणसाला साधं खोकायचं म्हटलं तरी जिवावर येतं. पण ही बाई उशी छातीशी धरायला लावून दर दोन तासांनी खोकायला लावायचीच. रडा, भेका, शिव्या द्या, सुटका नाही. कफ आत साचला की न्यूमोनिया धरतो, हे तिला पाठ होतं.

पाठ तर तेव्हाही होतं. सहा वर्षांपूर्वी सात नंबरच्या खाटेवर एक म्हातारा शिंपी होता. मोठा गोडबोल्या, तिच्या गणवेशाची उसवलेली शिवण त्यानं लांबूनच हेरली होती. तिसऱ्या दिवशी त्यानं हात जोडले. “आजचा दिवस सोडा, बाई. उद्या दुप्पट खोकतो.” तिला दया आली. तक्त्यावर ‘व्यायाम झाला’ असं खोटंच लिहून तिनं त्याला झोपू दिलं. दुसऱ्या दिवशी ताप चढला, मग न्यूमोनिया, आणि नवव्या दिवशी तो गेला. निघताना त्याच्या बायकोनं हिचाच हात धरला. “इथे तुम्हीच तेवढ्या मायेनं वागलात हो.” ते शब्द तिला आजवर पचलेले नाहीत. सातव्या खाटेवर कुणीही असो, उशीवर तिला त्या शिंप्याची सुईनं टोचलेली बोटंच दिसतात.

आणि आता त्याच खाटेवर तिचा सख्खा मोठा भाऊ होता. वडिलांमागे त्यानंच तिला शिकवलं होतं. सकाळपासून त्याचा ऑक्सिजन उतरत चालला होता. कफ निघाला नाही तर पुन्हा व्हेंटिलेटर, असं डॉक्टर बजावून गेले होते.

“नाही जमत गं. आजच्या दिवस राहू दे,” दादा म्हणाला.

दुसऱ्या सिस्टरवर सोपवावं आणि पळून जावं, असं क्षणभर तिला वाटलंही. पण तिनं उशी त्याच्या छातीशी दाबली. “खोक.”

तो खोकला, कळवळला. कफ आला नाही. “आणखी एकदा.” पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

“दयामाया काही आहे की नाही तुला?”

“एकदा केली होती दया, दादा.” हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. “माणूस गेला माझ्या हातून. आता खोक.”

दादानं तिचे हात बाजूला केले आणि उशी स्वतःच घट्ट आवळली.