पिठी, परात आणि अण्णांची टर्बो

आमच्या सासऱ्यांची गाडी तेल गाळते आहे, हे अख्ख्या डोंबिवलीत फक्त मला आणि एका परातीला माहीत होतं.

सासरे म्हणजे अण्णा. राहणार नौपाडा. उभा जन्म एका कारखान्यात दुसऱ्यांनी केलेल्या मालातली खोट काढण्यात गेला आणि निवृत्त झाल्यावर ते कौशल्य त्यांनी जावयांकडे वळवलं. जावई दोन. कल्याणचे सतीशराव, म्हणजे माझे साडू, यांच्या घरी पाण्याचा फिल्टरसुद्धा ठरल्या दिवशी बदलला जातो. आणि डोंबिवलीचा मी! आमच्याकडे फिल्टर कुठे बसवलाय इथपासून सुरुवात. तरीही अण्णा आणि माई सहा महिने मुलाकडे परदेशी निघाले, तेव्हा त्यांची जुनी डिझेल टर्बो माझ्या हवाली झाली. (आमच्या पार्किंगला छप्पर आहे. कारण एवढंच.)

"टर्बो आहे, जावईबापू," अण्णांनी किल्ली न देता नुसती दाखवली. "चालू केली की लगेच पळवायची नाही. थांबवली की लगेच बंद करायची नाही. इंजिन जरा वेळ तसंच चालू ठेवायचं. टर्बो गार झाला पाहिजे. काय?"

"गार झाला पाहिजे."

"नीट सांभाळलीत तर आल्यावर गाडी तुमची. नाहीतर सतीशराव आहेतच."

सतीशराव आहेतच! या दोन शब्दांनी मी सहा महिने ताठ होतो. रोज घरी आलो की गाडी लावून, इंजिन चालू ठेवून, स्टिअरिंगवर हात ठेवून निमूट बसायचो. शेवटी खालच्या काकूंनी माझ्या बायकोला, मेधाला, बाजूला घेऊन विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना गं?"

सगळं ठीकच होतं. अण्णा परतायच्या आठवड्यात गाडीखालच्या लादीवर काळा डाग दिसला तोवर! मी थेट ठाकुर्लीच्या मेकॅनिककडे गेलो. त्याने बॉनेटमध्ये डोकं घातलं, काढलं, आणि हात पुसत म्हणाला, "टर्बोच्या खालच्या पाइपातनं येतंय बहुतेक. खोलायला लागेल. ठेवून जा आठवडाभर."

"रविवारी सासरे येतायत हो!"

"मग राहू द्या."

"पण तेल गरम टर्बोवर पडलं तर?"

"धूर येईल."

"आणि मग?"

"मग तुम्ही उतरा."

बस. त्या दिवसापासून मला झोप नाही. डोळे मिटले की शीळफाट्यावर भडकलेली गाडी दिसायची आणि ज्वाळांमागून अण्णांचा आवाज यायचा, "सतीशराव आहेतच."

पहिला उपाय म्हणून मी माळ्यावरून एक मोठी परात काढली आणि गुपचूप गाडीखाली सरकवली. दुसरा उपाय मोबाइलवर सापडला. एक गृहस्थ सांगत होते, इंजिन पुसून घ्या, पाइपांवर टाल्कम पावडर भुरभुरवा, जिथे पावडर ओली होईल तिथेच गळती. आता आमच्या घरी पावडर कोण लावतं? पण स्वयंपाकघरात डबाभर पांढरीशुभ्र पिठी होती. मेधाने मोदकांसाठी खास दळून आणलेली, आंबेमोहोराची! मी इंजिनावर अशी सढळ हाताने टाकली की बॉनेटमध्ये लग्नघर वाटावं. आणि काय सांगू, पाच मिनिटांत एका पाइपाच्या क्लॅम्पपाशी पिठी ओली झाली! मी पान्याने क्लॅम्प आवळला. गळती बंद! आनंदाने मला रडूच यायचं बाकी होतं. आता फक्त ती पिठी पुसायची, एवढ्यात वरून मेधा ओरडली, "अरे, अण्णा-माई रिक्षातून उतरले! लवकर आलेत!"

मी बॉनेट धाडकन लावलं आणि परात पायाने पार्किंगच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ढकलली.

जेवणात पुऱ्या होत्या. म्हणजे होणार होत्या. मेधा आतून म्हणाली, "अरे, माझी परात कुठेय?"

"कुठली?"

"लग्नातली! नाव घातलेली!"

माळ्यावरच्या त्या परातीवर नाव आहे, हे मी बघितलंच नव्हतं. 'चि. सौ. कां. मेधा हिस, माई-अण्णांकडून.' आणि माई-अण्णा पाटावर बसलेले!

"सापडेल गं," माई म्हणाल्या. "निदान भंगारात तरी गेली नसेल. माझ्या लग्नातली यांनी घातली. चुकून, म्हणे! मी आठवडाभर बोलले नव्हते यांच्याशी."

अण्णा आमटीत बघत राहिले. पुऱ्यांची कणीक शेवटी कुकरच्या झाकणात मळली गेली.

दुपारी अण्णा-माईंना नौपाड्याला सोडायला निघालो. अण्णा चालवायला, मी शेजारी, मागे मेधा आणि माई. अण्णा खूश दिसत होते. "आवाज चांगला आहे," म्हणाले. मी मनातल्या मनात गाडीची कागदपत्रं माझ्या नावावर करून टाकली. शीळफाट्याच्या अलीकडे नेहमीप्रमाणे गाड्या तुंबलेल्या. आणि तिथे माई म्हणाल्या, "कुठेतरी घावन घालतायत हो. किती छान वास येतोय!"

मला दरदरून घाम फुटला. कारण बॉनेटच्या फटीतून पांढरा धूर यायला लागला होता. आधी बारीक, मग चांगला जाडजूड.

"उतरा!" मी किंचाळलो. "सगळे उतरा! पेटली!"

इथे एक सांगायला हवं. 'सगळे उतरा' म्हणताना मी स्वतः आधीच उतरून पंचवीसेक पावलं लांब, एका टेम्पोमागे उभा होतो. मेधा माईंचा सीटबेल्ट सोडवत होती. आणि अण्णा? अण्णा जागचे हलले नाहीत!

"अण्णा, बंद करा! उतरा!"

"लगेच बंद करायची नाही!" धुरातून आवाज आला. "टर्बो आहे!"

मागचे हॉर्न मारतायत, टेम्पोवाला "काका, मरताय काय?" म्हणून ओरडतोय, मेधा रडायच्या बेतात, आणि आमचे अण्णा धुरात बसून टर्बो गार करतायत! हा माणूस माझ्या पिठीपायी जाणार, आणि तेराव्यालासुद्धा सतीशरावच नीट उभे राहणार, असं वाटलं मला.

शेवटी त्यांनी इंजिन बंद केलं, फडक्याने बॉनेट उचललं. ज्वाळा नव्हत्या. पाइपांवर खरपूस, तांबूस पापुद्रे तेवढे होते. अण्णांनी एक नखाने खरवडला, नाकाशी नेला.

"तांदळाचं आहे."

माईंनीही हुंगलं. "आंबेमोहोर."

मेधाने माझ्याकडे नुसतं बघितलं, ते पुरलं.

नौपाड्यापर्यंत मी तीच कागदपत्रं मनातल्या मनात सतीशरावांच्या नावावर करून टाकली. गेली गाडी, मी म्हटलं. बिल्डिंगखाली पोहोचल्यावर अण्णा म्हणाले, "तुम्ही दोघी वर जा. जावईबापू, थांबा." मी मान खाली घालून उभा राहिलो. अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं, पाण्याच्या पंपामागे हात घातला, आणि एक काळीकुट्ट परात काढून गाडीखाली सरकवली.

मी वाकून पाहिलं. तेलाच्या थराखाली टिंबाटिंबांची अक्षरं होती. 'सौ. सुमन.' सुमन म्हणजे माई!

"अण्णा, ही तर भंगारात..."

"हळू बोला! सुमन खिडकीत असते. तिचं म्हणणं होतं साधी गाडी घ्या. मीच हट्टाने टर्बो घेतली. दुसऱ्या वर्षापासून गळतेय. कुठल्या तोंडाने सांगू?" अण्णा, ज्यांना मी इतकी वर्षं घाबरत होतो, ते चक्क घाबरले होते! "जाताना क्लॅम्प आवळून गेलो होतो. इतके महिने टिकला, म्हणजे चालवलीत नीट. पिठी कशाला टाकलीत, पावडर टाकायची." आणि त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. "गाडी तुमची."

"आणि सतीशराव?"

"त्यांना आधी विचारलं होतं. ते खाली वाकून बघून आले आणि नको म्हणाले."

एवढ्यात वरून माईंचा आवाज आला, "अहो! ते काय आहे हो गाडीखाली? परात का ती?"

अण्णांनी क्षणभर डोळे मिटले. मग परात उचलून माझ्या हातात कोंबली, आणि खोट काढण्यातला सगळा अनुभव पणाला लावून वर ओरडले, "सुमन, तुझी परात सापडली गं! जावईबापूंच्या डिकीत होती!"

माईंच्या शेजारी खिडकीत मेधा आली. "आणि माझी?"

"तीपण गाडीखालीच होती, आपल्या पार्किंगमध्ये," मी म्हणालो. खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं.

गाडी आता माझी आहे. क्लॅम्प मी आवळतो, पावडर विकत आणतो. पण अजूनही नौपाड्याला जेवायला गेलो की मी हात धुऊन बाहेर यायच्या आत माईंनी भांडी मोजून झालेली असतात, आणि अण्णा त्यांना मोजायला मदत करत असतात.