काकांची गाडी उजवीकडे ओढते

स्पोर्ट्स कारवाल्या माणसाबद्दल सांगतो म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे गॉगल लावून केस उडवणारा कुणीतरी आला असणार. पुसून टाका. आमच्या काकांना उडवायला केसच नव्हते, आणि चष्मा होता तो दोरीने गळ्यात अडकवलेला. पण सरळ रेषेवर इतकं प्रेम करणारा माणूस अख्ख्या कुवेतमध्ये दुसरा नव्हता, हे मी छातीठोक सांगतो. दोन हजार तीनच्या सुमारास खैतानला ते माझ्या वरच्या मजल्यावर राहायचे. मूळचे नाशिकचे, रिफायनरीत इंजिनिअर. परक्याच्या घरातलं कॅलेंडर कललेलं दिसलं तरी उठून सरळ करायचे. एकदा तर सत्यनारायणाला गुरुजींना थांबवून त्यांनी चौरंगावर स्पिरिट लेव्हल ठेवली आणि एका पायाखाली सुपारी सरकवली, मगच पूजा पुढे सरकली.

अशा माणसाने पंधरा वर्षं जुनी, दोन सीटची लाल गाडी घेतली, आणि ती निघाली तिरकी. स्टिअरिंग सोडलं की उजवीकडे, थेट फूटपाथच्या भेटीला. काकू तिच्यात एकदाच बसल्या आणि एका खजुराच्या झाडापासून वीतभर अंतरावर उतरल्या. त्यांनी गिऱ्हाईकच शोधून ठेवलं आणि काकांना मुदत दिली: शुक्रवारी मला बसवून सरळ चालवून दाखवा, नाहीतर गाडी विका.

काकांचं जेवणातलं लक्ष उडालं. शुवैखच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीने गाडी मशीनवर चढवली आणि सांगितलं, खलास, एकदम सीधा. काकांना पटेना. "मशीन खोटं बोलू शकतं, ओळंबा बोलतच नाही," म्हणाले, आणि गवंड्याचा ओळंबा घेऊन, गाडीच्या दोन्ही बाजूंना सुतळ्या ताणून चाकांचे कोन स्वतःच जुळवायला बसले. पान्याने पाव फेरा फिरवायचा, पट्टी लावायची, मान हलवायची, पुन्हा पाव फेरा. त्यात गाडीत बसणाऱ्यांचं वजन असल्याशिवाय माप खरं येत नाही म्हणे. म्हणून ड्रायव्हरच्या सीटवर मी. काका ब्याऐंशी किलो, मी बावन्न, म्हणून माझ्या मांडीवर तीस किलो तांदूळ. काकूंच्या जागी वेगळी पोती. कंटाळून मी त्या मिस्त्रीची नक्कल केली आणि माझं मलाच हसू आलं, तर गाडीखालून आवाज आला, "हसू नकोस, चाक कलतंय." तीन संध्याकाळ मी तांदूळ कवटाळून अर्धाअर्धा श्वास घेत बसलो.

शुक्रवारी सकाळी शुवैखच्या गोदामांकडचे रस्ते ओस असतात. मला एका टोकाला उभं केलं. दुसरीकडून गाडी आली. काकांनी पोलिसांना शरण आल्यासारखे दोन्ही हात वर केले. गाडी सरळ, सरळ, अगदी सरळ आली, आणि मग हळूच, लाजत लाजत, काकूंच्या बाजूला वळून फूटपाथला टेकली. काकू उतरल्या आणि म्हणाल्या, गिऱ्हाइकाला आजच बोलावते. काका नुसते चष्मा पुसत राहिले. त्यांना इतकं वाकडं उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मला राहवेना. म्हटलं, "काका, काकूंच्या सीटवर आपण अठ्ठेचाळीसच किलो ठेवले होते. घोळ तिथे आहे."

"बरोबर आहे की. लग्न ठरताना हिच्या भावाने तेवढंच सांगितलं होतं."

"त्याला पंचवीस वर्षं झाली, काका."

"मग? तेवढीच तर आहे ती," काका म्हणाले. थट्टा नव्हे हो, अर्धा मिलिमीटर मोजणारा माणूस अगदी मनापासून बोलत होता.

काकू पुन्हा गाडीत जाऊन बसल्या. गिऱ्हाइकाचं नाव त्यांनी परत कधी काढलं नाही. पण त्या वेळी दार लावून घेतलं, काच खाली केली आणि माझी जी हजेरी घेतली, ती मला पाठ आहे. ते दोघं आता नाशिकला आहेत, मी इथेच आहे. कुणी आग्रह केला की मी ती बोलणी काकूंच्या आवाजात करून दाखवतो, आमच्याच पोळ्या खातोस आणि आमचीच मापं काढतोस का, इथपासून सगळी. फक्त शेवटचं वाक्य त्यांच्यासारखं अजून जमत नाही:

"मेल्या, पंचवीस वर्षं ह्यांना दिसलं नाही, ते तुला बरं दिसलं?"